'म' कसा काढलास?



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव 'ऑनलाइन शिक्षण : दशा आणि दिशा' असं छापलंय. ते व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी ठेवलं. दशा-दिशा असं नाव असलं की वक्त्याला काहीही बोलायची मोकळीक मिळते, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण मला आज एका अक्षराबद्दल बोलायचंय. ते अक्षर म्हणजे 'म'.

करोनामुळे बंद असलेले महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत दुसरीला शिकवत होतो. दुसरी म्हणायची, पण त्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नव्हता. जून २०२० मध्ये त्यांची नावं पटावर चढली आणि त्यानंतर दीड वर्ष ती माझ्याकडे फोटोतून येत होती. सकाळी मी पालकांच्या मोबाइल ग्रुपवर अभ्यास टाकायचो आणि रात्री वह्यांचे फोटो यायचे. मी त्या फोटोवरच बोटानं लाल रेघ ओढून 'छान' लिहायचो आणि परत पाठवायचो. अंगठ्याचं चित्र आलं की हजेरी लागली.

त्यातल्या एका मुलाचं अक्षर फार सुंदर होतं. त्याच्या वहीचे फोटो मी इतर पालकांना दाखवत असे. वर्ग भरल्यावर तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर पाच वाक्यं लिहिली. बाकीच्यांची तीन-चार झाली तरी हा पहिल्याच वाक्यावर होता. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि त्याचा हात पाहिला. 'मामा' लिहिताना त्यानं आधी वरची आडवी रेघ मारली, मग उजवीकडची उभी रेघ, आणि शेवटी त्या उभ्या रेघेपासून डावीकडे सरकत गाठ काढली. पूर्ण झाल्यावर 'म' अगदी पुस्तकातल्यासारखा. पण तो लिहीत नव्हता, चित्र काढत होता. आईनं कागदावर काढून दिलेलं अक्षर त्यानं नक्षी उतरवावी तसं उतरवलं होतं. आईचा दोष मुळीच नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आल्यावर तिनं तेवढं तरी केलं. दोष कुणाचा म्हणाल तर त्या 'छान'चा. तो मी लिहिला होता, एकदा नव्हे, दीड वर्ष.

आपल्या भाषेत अक्षराला वळण असतं आणि मुलालाही वळण लावतात. वळण ही हालचाल आहे. पूर्वी धुळाक्षरं गिरवताना गुरुजी मुलाचं बोट धरायचे. नंतर पाटी आली, मग वही आली, तरी पहिलीचा शिक्षक रांगांमधून फिरत मुलाच्या हातावर आपला हात ठेवतोच. अक्षर कुठून सुरू करायचं आणि कुठं उचलायचं हे त्या हातातून हाताला कळतं. फोटोत फक्त झालेलं अक्षर येतं. ते कसं झालं हे येत नाही. आणि चुकीच्या वळणाचं मूल हळू लिहितं. हळू लिहिलं की फळा पुसला जातो. फळा पुसला की वही अर्धी राहते. चौथीत त्याला कुणीतरी आळशी म्हणतं.

वाचनाचंही तेच. पालक आवाजाचा संदेश पाठवायचे: मूल धडा वाचतंय, खणखणीत, न अडखळता. शाळेत पुस्तक समोर ठेवलं तेव्हा दिसलं की बोट एका शब्दावर आणि तोंड तीन शब्द पुढे. धडा पाठ होता. ताईनं दहादा म्हणून घेतला होता.

आता थोडे आकडे सांगतो. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या मुलांना घरी जाऊन वाचायला लावतात. २०१८ मध्ये तिसरीतल्या २७.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये २०.५. वजाबाकी येणाऱ्यांचं प्रमाण २८.२ वरून २५.९ वर आलं, म्हणजे घसरण त्यामानानं कमी. याची कारणं संशोधकांनी शोधावीत. माझा अनुभव एवढाच सांगतो की वजाबाकी चुकली तर उत्तर चुकतं आणि ती चूक फोटोत दिसते. वाचनाची चूक डोळा आणि बोट यांच्यामध्ये असते. ती बघायला शेजारी बसावं लागतं.

'रेंज नव्हती, मोबाइल नव्हते' हे तुम्ही खूप ऐकलंय आणि ते खरंच होतं. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्या पुढाकारानं ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रासह १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी झाली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी ८ टक्के निघाली आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के. आमच्या गावात फोन बापाच्या खिशात असायचा आणि बाप ट्रकवर. तो रात्री नऊला घरी आला की शाळा भरायची. पण माझं म्हणणं जरा पुढचं आहे. त्या अक्षरवाल्या मुलाच्या घरी फोन होता, रेंज होती, रिचार्ज होता. तरीही 'म' उलटा गेला.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज फोनवर यायची. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' मालिका सुरू झाली आणि ती चांगली होती. घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती त्यात असत. सोलापुरात नीलमनगरमधल्या घरांच्या भिंतींवर शिक्षकांनी धडे रंगवले. पालघरच्या दांडवळला कार्यकर्ते भोंगा लावून शिकवत होते. मला या सगळ्यांबद्दल आदर आहे. पण बघा, दूरदर्शन, भिंत, भोंगा, मोबाइल, सगळ्यांतून शिकवणं मुलाकडे जात होतं. मुलाकडून परत येणारी वाट कुणालाच नीट बांधता आली नाही. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. नाव मोठं समर्पक! पण आमच्या शाळेला तेव्हाही कुलूप होतं, त्यामुळे तो सेतूही मोबाइलवरूनच ओलांडायचा होता.

त्याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. सगळ्या शाळांना आनंद झाला. काही मंडळींनी त्याचा अर्थ लावला की आता त्यांच्या पुस्तकातला क्यूआर कोडच शिकवेल, मास्तर कशाला? पण तो कोड असलेलं पुस्तक वर्गात, मुलांच्या मध्ये बसलेल्या शिक्षकाच्या हातात होतं, महामारीच्या कितीतरी आधीपासून. तेवढं मात्र सोयीस्करपणे विसरलं गेलं.

परीक्षांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो झाला नाही आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीनं भूगोलाचे गुण मिळाले. पुढच्या वर्षी परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

ऑनलाइनचं चांगलं काहीच नाही का, असा प्रश्न चिठ्ठीवर येईल, म्हणून आधीच सांगतो. आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना न समजलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकता आला. वर्गात कधी तोंड न उघडणारी माझ्या ओळखीतली एक आठवीची मुलगी रात्री दहा वाजता तिच्या सरांना गणितातल्या शंका लिहून पाठवायची. ते सर म्हणाले, 'मला तिचा आवाज त्या वर्षी पहिल्यांदा कळला.' माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला चित्रफीत करता यायला लागली. ज्याला वाचता-लिहिता येतं, त्याला पडद्यावरून पुष्कळ मिळतं. म्हणूनच पहिली-दुसरीच्या मुलांना आणि दहावीच्या मुलांना 'ऑनलाइन शिक्षण' या एकाच शब्दात बांधणं मला पटत नाही. थोरल्यांचा अभ्यास मागे पडला. धाकट्यांची जिच्यावर पुढचा अभ्यास उभा राहतो ती पायरीच राहिली.

त्या मुलाचं काय झालं? मी त्याला पुन्हा पाटी दिली. दुसरीच्या पोराला पाटी! तो रुसला. मग मी माझ्यासाठीही एक पाटी घेतली आणि आम्ही दोघं मधल्या सुट्टीत गिरवत बसायचो. फेब्रुवारी संपेपर्यंत 'म' सरळ झाला. 'भ' आणि 'झ' राहिले. एप्रिलपर्यंत तेही झाले असते, पण मार्चमध्ये त्याचे आईवडील वीटभट्टीवर गेले आणि तोही गेला.

२०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली ही मुलं मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसायची आहेत. समोर निवृत्त शिक्षक बरेच दिसताहेत. तुमच्या गल्लीत, वाडीत या तुकडीतली मुलं असतीलच. त्यांना एक पानभर लिहायला सांगा आणि लिहीत असताना शेजारी बसा. आठवड्यातला एक तास शाळेला द्यायची तयारी असेल, तर व्याख्यान संपल्यावर दाराशी मी वही घेऊन उभा आहे. तिच्यात नाव आणि वार लिहून जा.