गादी फाटली म्हणजे गुडघा संपला नव्हे
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



गणपतीचे दिवस संपले की आम्हा फिजिओथेरपिस्टांकडे दुखऱ्या गुडघ्यांची रांग लागते. कोणाचा पाय मखर लावताना उकिडवे बसून उठताना पिळवटलेला असतो, कोणाचा गौरीपुढच्या फुगडीत, तर कोणी इंदूरच्या झाँक्या पाहत रात्रभर उभे राहिलेले असतात. हातात एमआरआयचा रिपोर्ट, त्यावर ‘मेनिस्कस टिअर’ असे शब्द आणि तोंडी एकच प्रश्न : ऑपरेशन करावेच लागेल का? आज आम्ही तेवढ्यावरच बोलणार आहोत.

प्रत्येक गुडघ्यात मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चिवट गाद्या असतात. आकार अर्धचंद्रासारखा, काम भार वाटून घेण्याचे. त्यांच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा चांगला असतो. म्हणून तिथली चीर सांधू शकते, आतली सहसा सांधत नाही. पण चीर सांधली नाही तरी दुखणे थांबू शकते. सूज उतरली आणि मांडीच्या स्नायूंनी भार उचलला की बहुतेकांचा गुडघा पुन्हा कामाला लागतो.

चिरा दोन प्रकारच्या. तरुणपणी कबड्डी-फुटबॉल खेळताना पाय पिळवटून झालेली चीर वेगळी. आणि चाळिशी-पन्नाशीनंतर, जुने धोतर विरून फाटावे तशी पडलेली चीर वेगळी. ही दुसरी फार सर्रास आढळते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५० ते ९० वयाच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या गुडघ्यात चीर दिसली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना आदल्या महिन्यात काहीच त्रास नव्हता. म्हणजे रिपोर्टवर उपचार करायचे नसतात, माणसावर करायचे असतात.

नॉर्वेतील एका अभ्यासात अशा १४० रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवडे व्यायाम दिला, निम्म्यांचे दुर्बिणीने ऑपरेशन केले. २०१६ साली निष्कर्ष आले : दोन वर्षांनी दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे होते. व्यायामाच्या गटातल्या साधारण पाचांतल्या एकाने पुढे ऑपरेशन करून घेतले, हेही सांगायला हवे. सारांश, या प्रकारच्या चिरेत आधी तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहावा.

मात्र गुडघा अडकून सरळच होत नसेल, वारंवार दगा देत असेल, पायावर भार टाकता येत नसेल किंवा तरुण माणसाला दुखापतीनंतर लगेच मोठी सूज आली असेल, तर वाट पाहू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे. गुडघा गरम, लाल आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी.

व्यायाम कसा? पहिले दोन आठवडे सूज उतरवायची : टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे, मांडी घालणे व उकिडवे बसणे बंद. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबावी, असे दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. पुढे सहाव्या आठवड्यापर्यंत खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, एका पायरीची चढउतार, उंच सीटची सायकल. नंतर एका पायावर तोल सांभाळणे, जिना आणि शेवटी बेताबेताने मांडी घालणे. प्रत्येकाची गती आपला फिजिओथेरपिस्ट ठरवील. खूण एकच : व्यायाम करताना थोडे दुखले तर चालेल, दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली तर मात्रा कमी करा. वजनही पाहा. एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तेलमालिशीने बरे वाटते, पण स्नायूंना बळ येते ते व्यायामानेच.

आम्हाला खरी काळजी फाटलेल्या गादीची नाही, भीतीने घरी बसलेल्या माणसाची आहे. पाय वापरला नाही की मांडी बारीक होते, मग जिना सुटतो, भजनी मंडळ सुटते, देवदर्शन सुटते. पिढ्यान् पिढ्या इथे राहून आपण हा उत्सव टिकवला तो अशाच ज्येष्ठांच्या बळावर. म्हणून मंडळाला विनंती : अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना सतरंजीबरोबर खुर्च्याही मांडा, आणि ज्येष्ठांनी त्यावर संकोच न करता बसावे. बाप्पाला भक्त हवा असतो, तो पाटावर आहे की खुर्चीवर हे तो पाहत नाही.

‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे आपण त्याला सांगतो. त्याला आणायला आपणही आपल्या पायांनी जाऊ, एवढी तयारी या वर्षभरात करू या.

गणपती बाप्पा मोरया!