आधी प्रश्न ठरवू, मग यंत्र निवडू



स्वागत समितीच्या वतीने इचलकरंजीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. पंचगंगेकाठच्या या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. त्या एका मागातून हजारो कुटुंबांचा संसार उभा राहिला. माग चालू असणे म्हणजे आमच्याकडे चूल पेटलेली असणे. मीही त्याच धंद्यातला माणूस आहे, म्हणून आवाज मोजण्याच्या विषयावरची परिषद या गावात भरते आहे याचे मला विशेष समाधान वाटते.

ज्या आवाजाने आम्हाला भाकरी दिली, त्यानेच आमच्या कामगारांचे कान नेले. शटलच्या मागांच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आकडा जाणे नित्याचे आहे. कांडीवाला आणि माग दुरुस्त करणारा जॉबर ओठांच्या हालचालीवर आणि खुणांवर बोलतात. आवाजाने जाणारा कान दुखत नाही, ठणकत नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच सूर हरवतात. घरचे बोलतात ते ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत. अंतर्कर्णातल्या संवेदक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाजामुळे येणारे बहिरेपण कायद्याने अधिसूचित व्यावसायिक आजारांत मोडते, ते यासाठीच. शरीर स्वतः इशारा देत नाही, तेव्हा तो इशारा यंत्राकडूनच घ्यावा लागतो.

मग यंत्र कोणते घ्यायचे? बाजारात गेलो की आपण किंमत विचारतो आणि किती डेसिबलपर्यंत मोजते ते पाहतो. माझे आग्रहाचे सांगणे आहे की, त्याआधी आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते ठरवावे.

आमच्या गावात माग आणि घरे एकमेकांना लागून आहेत. भिंतीच्या अलीकडे कामगाराचा कान आहे, पलीकडे शेजाऱ्याची झोप. आवाज एकच, पण प्रश्न दोन.

अलीकडचा प्रश्न असा, की या माणसाच्या कानावर पाळीभरात एकूण किती आवाज पडला? कामगार एका जागी उभा नसतो. तो मागांमधून फिरतो, मध्येच बाहेर जातो. त्याच्यासाठी खांद्यावर, कानाजवळ लावायचा डोसमापक हवा. तो घेताना आतली मांडणी तपासा. आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेली मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास अशी आहे. दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. अमेरिकेतील नायॉश ही संशोधन संस्था मात्र ८ तासांना ८५ धरते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे मिळतात. कामगार तोच, दिवस तोच, पण दोन मांडण्यांत निष्कर्ष वेगळे निघतात. म्हणून दोन्ही पद्धतींनी हिशेब देणारे यंत्र घ्यावे आणि अहवालात पद्धत लिहावी. आमच्याकडे १२ तासांची पाळी चालते, तिथे ८ तासांची मर्यादा जशीच्या तशी लावणे हा कामगारावर अन्याय आहे.

पलीकडचा प्रश्न वेगळा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती क्षणाच्या आकड्यावर नसून ठरावीक काळाच्या समतुल्य पातळीवर, म्हणजे एलईक्यूवर आहे. पडद्यावर नुसता नाचणारा आकडा दाखवणारे यंत्र इथे निरुपयोगी. एलईक्यू देणारे, नोंद साठवणारे आणि रात्रीच्या शांततेइतके खालीही मोजू शकणारे यंत्र लागते. आणखी एक गोष्ट. ए-वेटिंग ही कानाच्या संवेदनेला अनुसरून आवाज मोजण्याची पद्धत ६३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी धरते. मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींचा छातीत घुमणारा ठोका याच पट्ट्यात असतो. नियमाचा आकडा ए-वेटिंगचा असला, तरी सोबत खालचे सूर फारसे कमी न धरणाऱ्या सी-वेटिंगची नोंद घेतली तर तक्रारदाराचा त्रास कागदावर दिसतो.

अचूकतेचे दोन वर्ग आहेत. आयईसी ६१६७२ या मानकातील क्लास २ रोजच्या पाहणीला चालतो. वाद किंवा खटला होण्यासारखी मोजणी असेल तर क्लास १ घ्यावा. मोबाइलवरचे अॅप शंका घ्यायला उपयोगी आहे, निवाडा करायला नाही. आणि कोणतेही यंत्र घ्या, त्याच पावतीवर कॅलिब्रेटर घ्या. १,००० हर्ट्झला ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देणारे हे छोटे उपकरण मोजणीच्या आधी आणि नंतर लावायचे असते. वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर स्पंजची टोपी, हातात धरण्याऐवजी तिपाई आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे नियमित प्रमाणपत्र, एवढे जपले तरच आकडा टिकतो.

आठ मागांच्या छोट्या मालकाला क्लास १ यंत्र परवडणार नाही, हे मी जाणतो. म्हणून या परिषदेपुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येक गावच्या यंत्रमागधारक संघटनेने एक क्लास १ ध्वनिमापक, काही डोसमापक आणि कॅलिब्रेटर सामाईक घ्यावेत, दोन तरुणांना ते वापरण्याचे शिक्षण द्यावे आणि सभासदांना मोजणी करून द्यावी. आकडा कामगाराला सांगितला जावा, त्याच्या भाषेत, त्याच्या समोर. लपवलेल्या आकड्याने कोणाचाच कान वाचत नाही. तज्ज्ञांनी या सूचनेचा खर्च, पद्धत आणि अडचणी दोन दिवसांत तपासाव्यात. समारोपाच्या ठरावात तिला जागा मिळाली, तर मोजणीची सुरुवात माझ्या शेडपासून करावी, अशी माझी विनंती आहे.

कार्यकर्त्यांनी व्यवस्थेत कसर ठेवलेली नाही. तरी काही उणे राहिले तर आपलेपणाने सांगावे.