आधी रपटा, मग डांबर
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



धम्माच्या व्यासपीठावर रस्त्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. सम्राट अशोकाने वाटेच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदविल्या, आणि हे सारे धम्माचे काम म्हणून स्तंभावर कोरून ठेवले. तेव्हा विषय आपलाच आहे.

आपल्या जिल्ह्यात मोठ्या रस्त्यांची वाण नाही. पांढरकवड्यावरून हैदराबादचा महामार्ग जातो, यवतमाळ-आर्णी-उमरखेडवरून नांदेडचा जातो. जून २०२५ मध्ये शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून अधिक रकमेला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण मार्गांची पाळी आली की मात्र निधी नाही, हे उत्तर ठरलेले. निधी कमी आहे हे मी मान्य करतो. प्रश्न एवढाच की, जो आहे तो आधी कोठे लावायचा?

आजवर मोजमाप लोकसंख्येचे. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तिची अट पाचशे वस्तीची, आदिवासी भागात अडीचशेची. २०२३ च्या जनमन योजनेने आदिम जमातींसाठी ती शंभरावर आणली. हे चांगले झाले. पण झरी, मारेगाव, घाटंजीकडे पंधरा घरांचे कोलाम पोड असते, त्याने शंभर माणसे कोठून आणावीत? एका रुपयात जास्तीत जास्त लोकांची सोय, हा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. पक्का रस्ता असलेल्या गावाचा रस्ता रुंद केला तर दहा मिनिटे वाचतात. नाल्याला पूर असताना पोडातली बाळंतीण बाजेवर घालून आणावी लागते. या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालणार?

म्हणून माझे मत असे की, वाट वर्षातून किती दिवस बंद राहते हे आधी मोजावे. आपली जमीन काळी, पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. मुरुमाचा थर आणि बाजूची नाली नसेल तर वरचे डांबर फार टिकत नाही. रोजगार हमीत मातीकाम झाले आणि मोऱ्या राहून गेल्या, असे रस्ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेथे चार पाइपांची मोरी किंवा एक रपटा घातला तर बंद वाट सुरू होते, आणि नव्या डांबरी रस्त्याच्या मानाने खर्च थोडा. जुन्याची डागडुजीही नव्याच्या आधी. तिचे उद्‌घाटन होत नाही, म्हणून ती कोणाला आठवत नाही!

आता थोडे आपल्याबद्दल, राग मानू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा पैसा येतो तेव्हा आपण विहारासमोर सिमेंटचा रस्ता मागतो. वस्तीच्या टोकाला नाला असतो, त्यापलीकडच्या चार घरांची पोरगी पावसाळ्यात शाळा बुडवते. ती घरे बैठकीला येत नाहीत, म्हणून ठरावातही येत नाहीत.

संस्थेच्या तरुणांनी या पावसाळ्यापासून एक वही घालावी. कोणता नाला, कोणत्या तारखेला, किती दिवस बंद, कोण अडले, एवढेच लिहावे. पोडांतही जावे, कोलाम बांधवांची नोंद त्यांच्याच तोंडून घ्यावी. ती वही ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडावी आणि जिल्हा परिषदेत पोहोचवून पोच घ्यावी. पहिल्या वहीचा खर्च मी देतो.

जयभीम.