गाण्याचा मान आणि गाणाऱ्याचा मान
(व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या गावात वर्षभरात किती प्रकारचे गाणे होते, याची एकदा मोजदाद करून पाहण्यासारखी आहे. कार्तिकात काकडआरती, सप्ताहात भजन-कीर्तन, लग्नघरी गोंधळ, जत्रेत तमाशा, शिवजयंतीला पोवाडा, आंबेडकर जयंतीला भीमगीते, निवडणुकीत प्रचाराची गाणी आणि घराच्या आत ओवी, अंगाई, भोंडल्याचा फेर. ही सर्व गाणी एकाच गावाच्या तोंडची होत. परंतु प्रत्येक गाण्याची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि बहुधा गाणाराही ठरलेला. कोणी कोठे गावे आणि कोणी गाऊ नये, हे गावाला कोणी लिहून दिलेले नाही; तरी ते सर्वांना पाठ असते. म्हणूनच संगीताकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे अपुरे ठरते. गावातील श्रद्धा, सत्ता, शौर्याच्या कल्पना आणि स्त्री-पुरुषांची स्थाने यांचा नकाशाच गाण्यात उमटलेला असतो.

या नकाशाकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. महाराष्ट्राने गाण्याला मान देण्यात कधी कसूर केली नाही. गाणाऱ्याला मान देताना मात्र अनेकदा हात आखडता घेतला. हे अंतर का पडले आणि ते कसे कमी होत गेले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

देवाच्या दारी

प्रथम धर्माचा विचार करू. वारकरी संप्रदायाने भक्तीचा मार्ग लोकभाषेत आणला आणि तो गाण्याच्या वाटेने आणला. टाळ, मृदंग आणि अभंग यांना पोथी वाचता येण्याची अट नव्हती. त्यामुळे शिंपी, कुंभार, माळी, महार, न्हावी अशा सर्व थरांतून संतकवी निर्माण झाले. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत देव जात्यापाशी येतो. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न करतात. स्त्रीने आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाने इतक्या निर्भयपणे बोलावे, ही चौदाव्या शतकातील असामान्य घटना होय.

परंतु हेच संत ज्या देवाचे गाणे गात होते, त्याच्या मंदिराचे दार त्यांच्या समाजाला बंद होते. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांचे अभंग गाभाऱ्यापर्यंत गेले. त्यांच्या जातीच्या माणसांना आत जाण्यासाठी आणखी सहा शतके थांबावे लागले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूर येथे प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. अभंगाचा स्वीकार आणि अभंगकर्त्याचा स्वीकार यांत सहाशे वर्षांचे अंतर पडावे, याहून बोलका दाखला कोणता?

पुढे ज्यांनी हे अंतर ओळखले, त्यांनी कीर्तनालाच लोकशिक्षणाचे साधन केले. संत गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारून अस्पृश्यता, कर्ज, दारू आणि नवसाचे पशुबळी यांविषयी विचार करावयास लावीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी विदर्भातील खेडी जागी केली. १९४२ च्या आंदोलनात परकीय सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. ज्या सरकारला भजनाची भीती वाटली, त्याला भजनाचे सामर्थ्य नेमके कळले होते, असेच म्हणावे लागेल.

रणांगण आणि अंगण

धर्माकडून युद्धाकडे जाणारी वाट महाराष्ट्रात फार लांबची नाही. भवानीचा गोंधळ घालणारे गोंधळी हेच पोवाड्याचेही गायक होते. संबळ आणि तुणतुणे देवीपुढे वाजे. डफ आणि तुणतुणे वीरांपुढे. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला, त्यावर अज्ञानदासाने पोवाडा रचला. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईवर तुळशीदासाने तानाजी मालुसऱ्यांचा पोवाडा गायिला. ज्या काळी वृत्तपत्र नव्हते, त्या काळी शाहीर हाच वार्ताहर होता. सामान्य शिपायाचे शौर्य राजाच्या शौर्यासोबत लोकांच्या स्मरणात राहिले, याचे श्रेय बखरीइतकेच पोवाड्याला आहे.

पेशवाईत ही कला बहरली. शाहिरांच्या मांदियाळीत रामजोशी व अनंत फंदी ब्राह्मण होते, होनाजी गवळी, परशराम शिंपी आणि सगनभाऊ मुसलमान. फडाने जातीच्या भिंती निदान गाण्यापुरत्या तरी ओलांडल्या होत्या. १७९५ च्या खर्ड्याच्या विजयाचे पोवाडे झाले, तसेच १८१८ नंतर बुडालेल्या राज्याचे दुःखही शाहिरांनी गायिले.

मात्र युद्धाची दुसरी बाजू पोवाड्यात फारशी येत नाही. शिपाई मोहिमेवर गेला म्हणजे घरी काय होत असे? त्याचे उत्तर त्याच शाहिरांच्या लावणीत सापडते. मुलुखगिरीवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी विरहिणी हा लावणीचा एक मुख्य विषय आहे. येथेही एक विपर्यास आहे. विरह स्त्रीचा, शब्द पुरुषाचे आणि अनेकदा फडावर तिचा वेष घेऊन नाचणारा नाच्या पोऱ्याही पुरुषच. स्त्रीच्या दुःखाला व्यासपीठ मिळाले; स्त्रीला मिळाले नाही.

युद्धाच्या गाण्याची परंपरा विसाव्या शतकातही चालू राहिली. वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी अवघे दीड दिवस शाळेचे तोंड पाहिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गाकाठच्या कामगारांचे झुंजणे मुंबईच्या गिरणगावातील कामगाराला डफाच्या थापेवर समजले. शाळेने नाकारलेल्या माणसाने जगाचा भूगोल आणि राजकारण हजारोंना शिकविले, हे शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे.

सत्तेपुढे उभे राहिलेले गाणे

राजकारणाशी गाण्याचा संबंध जोडला गेला तो याच मार्गाने. १८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवरील पोवाडा प्रसिद्ध केला. शिवाजी महाराजांकडे त्यांनी शेतकरी-कष्टकऱ्यांचा राजा म्हणून पाहिले. इतिहास कोणी सांगावयाचा, हा प्रश्न त्यांनी पोवाड्याच्या रूपाने विचारला. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाच्याच बाजातून जातिभेद आणि सावकारी यांवर कोरडे ओढले.

लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप मिळाले, तेव्हा मेळ्यांची पदे हे त्याचे एक प्रभावी अंग होते. सभेवर बंदी घालणाऱ्या सरकारला देवापुढील पदांवर बंदी घालणे तितके सोपे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या जलशांनी, आणि नंतर वामनदादा कर्डक यांच्या गीतांनी, हक्कांची जाणीव वस्तीवस्तीत पोहोचविली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा आवाज सभेच्या आधी सभा जिंकीत असे. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ मध्ये शासनाने राज्यगीत म्हणून स्वीकारले.

गाणे सत्तेविरुद्ध उभे राहते, तसेच ते सत्तेच्या सेवेतही जाऊ शकते, याचे भान सुजाण नागरिकाने ठेवावयास हवे. ज्या चालीने माणसे एकत्र येतात, त्याच चालीने शेजाऱ्याविरुद्ध भडकविताही येतात. मिरवणुकीतील एखादे पद कोणाच्या दारापुढे आणि कोणत्या हेतूने म्हटले जाते, यावर त्याचा अर्थ ठरतो. गावचा सलोखा राखणाऱ्यांनी शब्दांइतकेच या जागेकडे आणि वेळेकडे लक्ष दिले पाहिजे.

जाते, देवघर आणि फड

आता स्त्रियांकडे वळू. महाराष्ट्रातील स्त्रीचे सर्वांत जुने व्यासपीठ म्हणजे जाते. पहाटे दळताना ऐकणारा कोणी नसे. म्हणून तेथे मनातले बोलता येई. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वारी, सीतेचा वनवास, पुढील काळात बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता, असे सारे ओवीत आले. सीतेचे दुःख या ओव्यांत आपल्याच घरच्या लेकीचे दुःख म्हणून येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी जाऊन जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. अशा किती बहिणाबाई नोंदीवाचून गेल्या असतील! पिठाची गिरणी आली आणि स्त्रीचे कष्ट वाचले, ही आनंदाची गोष्ट. मात्र जात्याबरोबर ती ओवीही मागे पडली.

घराबाहेर गाणाऱ्या स्त्रीची वाट याहून बिकट होती. गोव्यात देवळाच्या सेवेतील कलावंत स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या संगीत जतन केले. समाजाने त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांना पंक्तीबाहेर ठेवले. याच समाजातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या श्रेष्ठ गायिका आल्या. १९७७ मध्ये अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत मानवजातीच्या संगीताचा नमुना म्हणून केसरबाईंची भैरवी समाविष्ट झाली. मैफलीचे तिकीट लावून स्त्रीने प्रतिष्ठेने जाहीर गावे, ही रीत रुळविण्यात हिराबाई बडोदेकर यांचा मोठा वाटा आहे.

तमाशातील स्त्रीची कहाणी अधिक कठोर आहे. पवळाबाई हिवरगावकर यांनी पठ्ठे बापूरावांच्या लावण्या गाजविल्या. पुढे विठाबाई नारायणगावकर यांनी हे स्थान मिळविले. १९६२ च्या युद्धाच्या वेळी त्यांनी जवानांपुढे आपली कला सादर केली. खेळ चालू असताना त्या रंगमंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. तरीही २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अखेरचे दिवस त्यांनी आर्थिक विवंचनेत काढले होते. आज त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. पुरस्कार उचितच आहे; परंतु असा गौरव कलावंताच्या हयातीत, तिच्या औषधपाण्याच्या वेळी उपयोगी पडावा, हा बोध त्यातून घ्यावयास हवा.

गावाने काय करावे?

या विवेचनाचा गावच्या कारभाराशी थेट संबंध आहे. वसंतात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरविण्यास तेथे येतात. सुपारी ठरविताना खेळाच्या रकमेबरोबर मुक्कामाची सुरक्षित जागा, पिण्याचे पाणी, स्त्री कलावंतांसाठी स्वच्छतागृह आणि हुल्लडबाजीला आळा घालण्याची जबाबदारी पंचांनी लेखी घ्यावी. फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांना गावातील शाळेत चार दिवस का होईना बसवून घेणे मुख्याध्यापकांना कठीण नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आजी-पणजींच्या ओव्या लिहून घ्याव्यात आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव अवश्य घालावे. शाहीर, गोंधळी, जलसाकार यांना केवळ उत्सवात न बोलाविता इतिहासाच्या तासाला बोलवावे. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. अनेक कलावंतांजवळ कागदपत्रे नसतात. त्यांचा अर्ज पुरा करून देणे, हे ग्रामसेवकाचे आणि पंचायत सदस्यांचे पुण्यकर्म ठरेल.

२०११ पासून महाराष्ट्रातील पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेत स्त्रीचा शब्द ऐकला जावा, असे कायदा सांगतो. तोच न्याय सप्ताहातील वीणा, टाळ आणि कीर्तनाची गादी यांनाही लावण्यास हरकत नसावी. चोखोबांच्या समाजासाठी मंदिराचे दार उघडण्यास सहा शतके लागली. जात्यावरच्या ओवीला आणि फडावरच्या लावणीला जन्म देणाऱ्या स्त्रीला मानाने बसण्याची जागा देण्यास तेवढा काळ लागण्याचे कारण नाही. गावच्या पुढच्या जत्रेपासून आणि पुढच्या सप्ताहापासून ही सुरुवात करता येईल.