पोरीची फी भरण्याआधी

बीपीची गोळी घरात असते, तरी रोज घेतली का जात नाही? मीठ, मिश्री, अपुरी झोप, घरातलं टेन्शन यांनी शरीराचं काय होतं? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात यावरच 4 वर्षांची पदवी आहे, 'बायोबिहेवियरल हेल्थ'. जीवशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र त्यात एकत्र येतं. पण नुसत्या या पदवीवर कुणी डॉक्टर किंवा नर्स होत नाही. त्यासाठी पुढे वेगळं शिकावं लागतं.

आपल्याकडेही कोर्सच्या नावात 'हेल्थ' दिसलं म्हणून लगेच गटातून कर्ज उचलू नका. आधी तीन गोष्टी विचारा: मान्यता कुणाची? शिकून काम कोणतं? पुढची वाट कुठली? उत्तरं पटली, तर मात्र पोरीला बारावीवर थांबवू नका.