सातव्या महिन्यात नाव



माझ्या वहिनीचं नाव दवाखान्यात घातलं तेव्हा सातवा महिना लागला होता. टेबलापलीकडून आवाज आला, 'इतके दिवस झोपली होतीस काय गं?'

झोपली नव्हती. नाक्यावर उभी होती, घमेली वाहत होती. तपासणीची वेळ सकाळची, नाक्याचीही सकाळचीच. रांगेत थांबलं की रोज बुडतो. रोज बुडला की चूल विझते. पांढरपेशे याला अडाणीपणा म्हणतात!

वहिनीचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. गरोदरपणी अकरा तरी पाहिजे. बारा आठवड्यांच्या आत नाव घातलं असतं तर रक्तवाढीच्या गोळ्यांना वेळ मिळाला असता. आता बाटली चढवायची पाळी आली.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट न्हाई. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या शंभरातल्या तीस बाळंतिणींची पहिल्या तीन महिन्यांत तपासणीच झाली नव्हती.

बाळंतपणाआधी बाईला विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले. १९२९ ला कायदा झाला, पण कारखान्यातल्या बाईपुरता. नाक्यावरच्या बाईचा मालक रोज बदलतो. तिला भरपगारी रजा कोण देणार?

म्हणून आपली मागणी साधी आहे : तपासणी संध्याकाळीही ठेवा आणि बुडालेला रोज भरून द्या.

तोवर वस्तीतली बाई नाव घालायला निघाली की तिच्यासोबत रांगेत उभे राहा. टेबलापलीकडून पुन्हा तोच सवाल आला, तर जबाब द्यायला आपण तिथं असलो पाहिजे.

जयभीम!