देवणीहून समुद्राकडे



मी राहतों तें देवणी हें गांव लातूर जिल्ह्यांत, कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. देवणी जातीच्या गाईबैलांमुळें गांवाचें नांव दूरवर गेलें. समुद्र मात्र आमच्यापासून दूरच राहिला. रस्त्यानें रत्नागिरी सुमारें ५५० किलोमीटर आहे. कोंकणच्या किनाऱ्यानें मोटारीचा प्रवास कसा आंखावा, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हें ज्ञान मला एका फसलेल्या प्रवासांतून मिळालें, हें आधींच कबूल करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईनें समुद्र पाहण्याची इच्छा बोलून दाखविली. मीं नकाशा काढला. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा तीन दिवसांत सहज होईल, असा हिशेब कागदावर मांडला. आमच्या सपाट मुलुखांत साठ किलोमीटर म्हणजे एक तास; तेंच माप मीं तेथें लावलें. पुण्याहून निघून घाट उतरलों आणि अंधार पडतां पडतां एका खाडीच्या धक्क्यावर पोहोंचलों, तों शेवटची जंगलजेटी सुटून गेली होती. पलीकडच्या गांवाचे दिवे दिसत होते. हांक मारली तर ऐकूं जाईल असें वाटत होतें. पण मोटारीनें तेथें जावयाचें तर खाडीला मोठा वळसा घालून डोंगरांतून जावें लागणार होतें. त्या वळणांवर आईला उलट्या सुरू झाल्या, रात्रीं ताप भरला. सकाळीं मीं गाडी घाटाकडे वळविली. घरीं आल्यावर शेजारणीनें विचारलें, "समुद्र कसा होता?" आई म्हणाली, "अंधारांत आवाज ऐकला, बाई." त्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें वाक्य मला अधिक लागलें.

चूक कोणाची होती? रस्त्याची नव्हे आणि जेटीचीहि नव्हे. किनारा म्हणजे सरळ रेघ, असें मीं धरून चाललों होतों. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या थोड्याच अंतरांत समुद्र गांठतात, आणि त्यांच्या मुखांतून भरतीचें पाणी दूरवर आंत शिरतें. सावित्रीची खाडी बाणकोटला, वासिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला, काजळीची भाट्याला, मुचकुंदीची पूर्णगडाला, अशी ही खाड्यांची माळ थेट तेरेखोलपर्यंत जाते. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग कागदावर अखंड दिसतो. पण उत्तरेकडील कांहीं मोठ्या खाड्यांवरील पूल अद्याप पुरे व्हावयाचे आहेत. तोंवर आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड येथें मोटारीसह जंगलजेटीनें पार होणें हाच जवळचा मार्ग. म्हणून माझा पहिला नियम असा : किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटरांहून अधिक धरूं नयेत; आणि शेवटची जेटी किती वाजतां सुटते, याची चौकशी त्याच दिवशीं सकाळीं करावी.

दुसरा नियम भरती-ओहोटीचा. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीची वेळहि रोज तितकीच पुढें सरते. कोंकणांत याचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीला पाऊणपट केली कीं भरतीचा तास निघतो : चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. स्थळपरत्वें थोडा फरक पडतो, पण दिवस आंखावयास हें गणित पुरतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतें, त्याला भांग म्हणतात. हें मी घरीं मोठ्यानें वाचीत असतां आई म्हणाली, "म्हणजे माझ्या उपासांचेंच गणित कीं!" जन्मभर एकादशी आणि चतुर्थी तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला मी घड्याळ दाखवीत होतों. दुसऱ्या प्रवासाचा दिवस तिनेंच ठरविला. भाऊबीज आटोपून तृतीयेला निघावयाचें, म्हणजे पंचमीला सकाळीं दहाच्या सुमारास पुरी ओहोटी मिळेल आणि चालावयास रुंद वाळू राहील.

या खेपेस किनारा निम्म्याहून कमी घेतला : रत्नागिरी ते मालवण. त्या बाजूस बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. दिवस मात्र सहा धरले. पहिल्या दिवशीं लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढें, मिरज या मार्गानें कोल्हापुरास मुक्काम. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या उजेडांत आंबा घाट. पेट्रोल मोठ्या गांवींच भरून घेतलें. दऱ्यांतून फोन मुका होतो आणि त्याबरोबर फोनवरून पैसे देणेंहि थांबतें, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवली. मुक्काम सूर्यास्तापूर्वींच. आणि गाडी वाळूंत घालावयाची नाहीं : ओहोटीची ओली वाळू पक्की दिसते, पण चाक रुतलें कीं भरती कोणासाठीं थांबत नाहीं.

मिरजेस आईनें गाडी उभी करावयास सांगितली. २०१६ च्या एप्रिलांत येथूनच लातूरला पाण्याच्या आगगाड्या आल्या होत्या. पहिल्या गाडीनें दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आणलें होतें. "एवढ्या लांबून आलें होय," एवढेंच ती म्हणाली. पुढें कोल्हापूर येईपर्यंत ती फारशी बोलली नाहीं.

आंबा घाटाच्या माथ्यावर पावसाच्या पाण्याच्या दोन वाटा होतात. पूर्वेस पडलेला थेंब कृष्णेच्या खोऱ्यांतून बंगालच्या उपसागराकडे जातो; पश्चिमेचा थेंब काजळीवाटे अरबी समुद्राला मिळतो. त्या उतारावरच्या रत्नागिरीला वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लातूरचा पाऊस त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. तरीहि आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों, त्या आजी सांगत होत्या कीं मे महिन्यांत विहीर तळ दाखविते आणि वाडीवर टँकर येतो. जांभ्याच्या सड्यांवरून आणि तीव्र उतारांवरून पाणी पाहतां पाहतां समुद्रांत जातें. आई म्हणाली, "आमच्याकडे तें येत नाहीं, आणि तुमच्याकडे थांबत नाहीं." मग त्या दोघी म्हाताऱ्या रात्रीं उशिरांपर्यंत घागरींचेच हिशेब करीत बसल्या. सहलीच्या यादींत मीं हें लिहिलें नव्हतें. पण त्या प्रदेशाची खरी ओळख मला तेथें झाली.

पंचमीस सकाळीं भाट्याच्या वाळूंत आईला घेऊन गेलों. पाणी दूरवर मागें सरलें होतें. ती चपला हातांत घेऊन सावकाश चालत गेली, घोटाभर पाण्यांत उभी राहिली आणि बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मीहि बोललों नाहीं. शेवटीं तिनें विचारलें, "आपल्या मांजरेचें पाणी इथें येतें का रे?" मीं सांगितलें, "नाहीं. मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीपलीकडे पूर्वेच्या समुद्राला." तिनें मान डोलविली आणि लाटेकडे पाहत म्हणाली, "मग तो समुद्र राहिलाच कीं."

पुढचे दिवस पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड असे निवांत गेले. सिंधुदुर्गास होडीनें जावयास आईनें नकार दिला; १६६४ सालीं ज्याच्या बांधकामास प्रारंभ झाला, तो किल्ला तिनें मालवणच्या किनाऱ्यावर बसूनच पाहिला. मीं आग्रह केला नाहीं. म्हाताऱ्या माणसाबरोबरच्या प्रवासांत कांहीं ठिकाणें सोडून देतां आलीं पाहिजेत, हा माझा तिसरा नियम.

सध्यां आमच्या घरीं राजमहेंद्रीचा नकाशा पसरलेला आहे. या खेपेस मात्र नकाशाच्या आधीं पंचांग उघडलें.